खालच्या पट्टीचा पखवाज

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. वय विचाराल तर नक्की आकडा सांगता येणार नाही. मला घडवणारा लवू मेस्त्री तेव्हा काळ्याभोर केसांचा होता आणि आज सगळं गाव त्याला 'लवू आजो' म्हणतं, यावरून काय तो अंदाज करा.

आमचं गाव मालवणपासून एस.टी.ने तासभर आत, खाडीच्या काठाला आहे. एका वादळात लवूच्या अंगणातला फणस आडवा झाला. अर्ध्या खोडातून त्याने घराचा दरवाजा केला आणि उरलेल्या अर्ध्यातून मला. घरच्यांना खरं तर दोन पाट हवे होते. पण लवूने खोड आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या चढवल्या, चामड्याच्या वादीने आवळल्या आणि सूर चढवायला वादीखाली आठ लाकडी गट्टे सारले. पाट काही झाले नाहीत. त्याची आई पुढे कित्येक दिवस माझ्याकडे बघून नाक मुरडायची.

माझ्या उजव्या पुडीवर काळी शाई आहे, ती कायमची. डाव्या पुडीला मात्र दर वेळी कणीक लावावी लागते. गव्हाच्या पिठाचा ओला गोळा मधोमध थापला की आवाज जड होतो आणि 'धूम' असा घुमतो. कणीक नसेल तर तीच पुडी डबा वाजवल्यासारखी वाजते. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर उंदरांना आवतण दिल्यासारखं होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण याच कणकेने एकदा माझी अब्रू वेशीवर टांगली होती.

माझी उमेदीची वर्षं डबलबारीत गेली. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना. मंडळं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा मुख्य गाणारा असतो, त्याला बुवा म्हणतात. एका बुवाने आपली बारी केली की दुसऱ्याने तिला गाण्यातूनच उत्तर द्यायचं, मधूनमधून समोरच्याला चिमटे काढायचे, आणि हे सगळं देवाचं नाव घेत घेत. लवूच्या मांडीवर बसून मी कितीतरी जत्रा गाजवल्या. लोक बुवाला हार घालायचे, तेव्हा लवू त्यातलं एक फूल काढून माझ्या वादीत खोचायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवतही नसे.

मग काळ बदलला. बुवा मंडळी वरच्या, आणखी वरच्या पट्टीत गाऊ लागली. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर. त्या उंच सुरांना लहान तोंडाचे पखवाज शोभतात. माझं तोंड रुंद, माझा सूर खालचा. मला कितीही ठोकून वर चढवलं तरी मी जेमतेमच पोहोचायचो आणि पोहोचलो की कुरकुरायचो. शेवटी लवूने मला घरी टांगून ठेवण्यापेक्षा हायस्कुलाला देऊन टाकलं. तिथे पोरांनी चार वर्षं मला मनसोक्त बडवलं. पाचव्या वर्षी कुणीतरी कणीक काढायला विसरलं. उंदरांनी कणकेबरोबर पुडीही खाल्ली. माझी रवानगी प्रयोगशाळेतल्या कपाटावर झाली. शेजारी प्लास्टिकचा मानवी सांगाडा होता. त्याच्या सोबतीत मी आठ वर्षं काढली. तो बोलत नसे आणि मलाही बोलायला पुडी नव्हती.

आमच्या शाळेची एक रीत आहे. जानेवारीत शाळेचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशी दुपारी पटांगणात मांडव घालून दहावीचा वर्ग विरुद्ध माजी विद्यार्थी अशी डबलबारी रंगते. त्या दिवसासाठी मुंबईहूनही माणसं रजा काढून येतात. कपाटावर बसून मला खिडकीतून ती ऐकू यायची. पखवाज दुसऱ्याच कुणाचा तरी मागून आणलेला असायचा. मी मनातल्या मनात ठेका धरायचो आणि त्याच्या चुका मोजायचो.

आता समर्थबद्दल सांगतो, कारण माझी खरी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते.

समर्थ पाचवीपासून या शाळेत होता आणि पाचवीपासूनच शाळेचा गळा होता. प्रार्थना असो, स्वागतगीत असो, पहिली ओळ त्याची. दहावीच्या बारीचा बुवा तोच होणार, हे तो सहावीत असतानाच ठरून गेलं होतं. संचिता आणि सुदेश हे त्याचे जिवलग. तिघं एकाच वाडीतून सात-पंधराच्या एस.टी.ने यायची, आणि सहा वर्षं एकाच सीटवर दाटीवाटीने बसून आली होती. संचिता समर्थच्या मागे कोरस धरायची. सुदेश झांज वाजवायचा आणि उरलेला वेळ खोड्या काढायचा.

दहावीच्या पंधरा ऑगस्टला समर्थ ध्वजासमोर गायला उभा राहिला. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला सूर वर न्यायला गेला, तर आवाज मध्येच फुटला. अर्धा वर गेला, अर्धा खाली पडला. मी तो प्रयोगशाळेतून ऐकला. पटांगणात कुणीतरी फिसकन हसलं. हसणारा पहिला माणूस सुदेश होता. वर तो "बेडूक" असंही म्हणाला, आणि मग काय, सगळी शाळा हसली.

त्या दिवसापासून समर्थने तोंड मिटलं. हजेरीला तो नुसता हात वर करायचा. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसायचा. भजनाच्या तासाला प्रयोगवही पूर्ण करायची आहे असं सांगून तो प्रयोगशाळेत येऊन बसू लागला. वही कोरीच राहायची. एक दिवस कंटाळून तो स्टुलावर चढला, मला खाली घेतलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या फाटक्या पुडीवर बोट वाजवलं. आवाज कसला येणार?

"तुझो पण आवाज गेलो मां?" तो म्हणाला.

आठ वर्षांनी कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. तेही घोगऱ्या, जाड, अजून नीट न स्थिरावलेल्या आवाजात. मित्रांनो, खरं सांगतो, मला तो आवाज फार आवडला. माझ्या लाकडात तो आत कुठेतरी घुमला, कारण तो माझ्याच पट्टीतला होता.

तेवढ्यात दारातून संचिता आत आली. ती त्यालाच शोधत होती.

"हयसर बसलंस? मगे बारी कोण करतलो?"

"तू कर. मी भजन म्हणूचंय नाय. लोक हसतत."

"लोक नाय, पयलो सुदेश हसलो. तेका मी बघून घेतंय." ती स्टूल ओढून समोर बसली. "समर्था, मे महिन्यात माका मामाकडे मुंबैक धाडतत, कॉलेजाक. सुदेश आयटीआयक जातलो. आपली बारी एकच आसा. मी बुवा होतंय, पण तू माझ्या बाजूक बसूक व्हयो."

"बसान काय करू?"

संचिताने माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणू नको. वाजय."

 समर्थने मला परत कपाटावर ठेवलं नाही.

रविवारी तिघं मला सायकलच्या कॅरिअरला बांधून लवू आजोकडे घेऊन गेली. वाटेत सुदेशने माफी मागितली. आधी संचिताने त्याचा कान पिळला होता, हेही सांगायला हवं.

"मी हसलंय, ता चुकला माझा," तो म्हणाला.

"तू बेडूक म्हणालंस."

"म्हटलंय खरा. पण बरो बेडूक."

समर्थला हसू आलं. ऑगस्टनंतरचं ते पहिलंच हसू, आणि तेही घोगरंच आलं.

लवू आजोची नजर अधू झाली आहे. त्याने मला हातांनी चाचपलं, गट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि ओळखलं.

"अरे, हो तर माझो फणस. हेका खंय टाकलेलास इतकी वर्सां?"

"तेचो आवाज गेलो, आजो," समर्थ म्हणाला.

"आवाज खंय जाता? पुडी गेली. नवी बसवया."

नवी पुडी चढली. समर्थने लगेच थाप मारली, तर मी किरकिरलो. मला स्वतःचीच लाज वाटली. समर्थचा चेहराही पडला.

"नवी पुडी पयल्यांदा किरकिरताच," आजो म्हणाला. "धा-पंधरा दिस रोज वाजवक व्हयी. मगे खरो आवाज भायर येता."

"आणि वाजवक नाय तर?"

"तर तशीच किरकिरत रवता."

समर्थने पुन्हा एक हलकी थाप मारली. मला वाटतं, तो तेव्हा फक्त माझा विचार करत नव्हता.

आजोची शिकवण्याची पद्धत जुनी होती. बोल आधी तोंडाने म्हणायचे आणि ते तोंडात बसल्याशिवाय पखवाजाला हात लावायचा नाही. समर्थ पहिल्या दिवशी गप्प बसून राहिला. आजोही गप्प बसला. त्याला कसली घाई? दोघांमध्ये मी होतो. शेवटी माडावरून एक झावळ धप्पकन पडली, आजो दचकला, समर्थला हसू फुटलं आणि त्या हसण्याच्या नादातच त्याच्या तोंडून पहिला बोल निघाला. मग रोज संध्याकाळी तो अभ्यास आटपून यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, धा, दिं, ता, धूम. आधी कुजबुजत, मग माणसासारखा. महिन्याभरात माझी पुडी बसली. त्याच्या आवाजाचं काय झालं, ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं, कारण भजनाची ओळ तो अजूनही तोंडाला लावत नव्हता. बोल म्हणणं वेगळं आणि गाणं वेगळं, असं तो म्हणायचा. संचिताने चारदा विचारलं आणि चारदा नाही ऐकलं. पाचव्यांदा विचारलं नाही. माझ्यासाठी तिने स्वतःची पट्टी मात्र जरा खाली आणली. तिचा गळा उंच, पण म्हणाली, "ह्यो म्हातारो वर येवचो नाय. मीच खाली येतंय."

वर्धापनदिन उजाडला. मांडव गच्च भरला होता. समोरच्या बाजूला माजी विद्यार्थी, त्यांचा बुवा अनिश. तो आता कुडाळला नोकरीला असतो आणि त्याच्या जिभेला धार आहे. आमच्या बाजूला संचिता मध्ये, तिच्या डाव्या हाताला समर्थ आणि त्याच्या मांडीवर मी, मागे झांज घेऊन सुदेश आणि सगळा वर्ग. पेटीवर भजनाच्या तासाला शिकवणाऱ्या दीपिका मॅडम. लवू आजोला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती.

कणीक आणायचं काम सुदेशकडे होतं. एरवी ती आजोच्या घरूनच मिळायची, त्यामुळे ती कशाची असते, हे बघायची वेळ सुदेशवर कधी आली नव्हती. समर्थ हातोडीने माझे गट्टे ठोकण्यात गुंतला होता. सुदेशने डब्यातून गोळा काढला आणि माझ्या डाव्या पुडीवर थापला. मला तो जरा गारढोण लागला. पण मी बोलणार कसा?

संचिताने सुरुवात झोकात केली. पहिला अभंग सुरेख झाला. समर्थचा हात माझ्यावर असा चालला की लवू आजो खुर्चीत बसून मान डोलवू लागला. मग गजर सुरू झाला. लय वाढली. सगळा वर्ग टाळ्यांवर आला. आणि नेमक्या त्या वेळी माझ्या डाव्या पुडीला भेगा पडल्यासारखं वाटलं. एक तुकडा गळला, मग दुसरा, आणि तिसऱ्या थापेला अख्खा गोळा सुटून समर्थच्या मांडीवर पडला. माझा 'धूम' गेला आणि 'टण' झाला.

गजर थांबला. समर्थने गोळा हातात घेतला. तो पांढराशुभ्र होता.

"सुदेश, ह्या कसला पीठ?"

"भाकरेचा. आयेन सकाळीच मळल्यान."

"गव्हाचा व्हया होता."

"आमच्या घराक पीठ म्हटला की ह्याच," सुदेश पुटपुटला.

आता तुम्हीच सांगा, ज्या घरात तिन्ही त्रिकाळ तांदळाची भाकरी होते, तिथल्या पोराने दुसरं काय आणायचं? तांदळाच्या पिठाला चिकटपणा तो किती! ओलं होतं तोवर धरलं आणि वाळलं तसं सुटलं. पण ते तेव्हा कोण समजून घेणार? अनिशने माईक उचलला.

"गाववाल्यांनू, आमच्या वेळेक हयसर पखवाज वाजायचो. आता पिठाची गिरण चलता."

मांडव हसला. ऑगस्टसारखाच हसला. मला समर्थची मांडी ताठ झाल्याचं जाणवलं. तो उठून जाणार, असं मला वाटलं. सुदेशच्या हातातली झांज लोंबकळत होती आणि तो रडवेला झाला होता. संचिता समर्थकडे बघत होती.  तिने एकटीने टाळी धरली. तोच ठेका, जिथे तुटला होता तिथूनच.

समर्थने एकदा सुदेशकडे बघितलं. मग त्याने उजवा हात माझ्या शाईवर ठेवला. डावा हात उचलून त्याने माझ्या डाव्या तोंडापाशी लावलेला माईक स्वतःच्या तोंडाशी घेतला. उजव्या हाताने मला वाजवलं, आणि जिथे माझा 'धूम' पडायला हवा होता तिथे तो स्वतः म्हणाला, "धूम."

तो आवाज मांडवाच्या मागच्या खांबापर्यंत गेला. जाड, भरलेला, कुठेही न फुटलेला. सगळे दचकले. समर्थ स्वतःही दचकला. पण हात थांबला नाही. पुढच्या आवर्तनाला पुन्हा "धूम." लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं. पोरं टाळ्या पिटू लागली आणि संचिताने गजर पुन्हा उचलला. सुदेशने झांज उचलली आणि डोळे पुसत पुसत ती बडवायला लागला. लवू आजो खुर्चीतून अर्धा उठला होता.

दोन आवर्तनं झाली आणि संचिता गाता गाता थांबली. तिने मॅडमना हाताने खूण केली. मॅडमनी पेटीवर पट्टी खाली घेतली, थेट माझ्या मूळ सुरावर.

"म्हण आता," संचिता समर्थला म्हणाली.

आणि मित्रांनो, तो गायला. गजराची तीच ओळ, पण खालून, नव्या आवाजात. पहिल्या वेळी जरा थरथरला. दुसऱ्या वेळी स्थिरावला. तिसऱ्या वेळी अख्ख्या वर्गाने त्याच्यामागे ओळ उचलली आणि जी ऑगस्टमध्ये त्याला हसली होती तीच पोरं गळा फाटेपर्यंत कोरस देत होती. इतक्या वर्षांत मी पुष्कळ बुवा ऐकले. माझ्या लाकडाशी इतका जुळलेला आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. माझी डावी बाजू मुकी होती आणि तरी मला वाटत होतं की वाजतोय तो मीच. आनंद आनंद म्हणतात तो हाच असावा.

आमच्या बारीत हार-जीत जाहीर करत नाहीत. दोन्ही बाजूंचं गाणं संपलं की बुवाने समोरच्या बुवाला हार घालायचा असतो. अनिशने तो संचिताच्या गळ्यात घातला. मग समर्थपाशी येऊन म्हणाला, "फुडल्या वर्साक आमच्या बाजूक येतलंस तू. माजी विद्यार्थी होतलंस. तेव्हा बुवा तूच." संचिताने हारातलं एक फूल काढून माझ्या वादीत खोचलं. लवूची ती सवय तिला कुणी सांगितली होती, देव जाणे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तिघंही चांगल्या गुणांनी पास झाली. मग जे व्हायचं ते झालं. संचिता मुंबईला गेली, सुदेश आयटीआयला, समर्थ कुडाळला कॉलेजात. जायच्या आधी तिघं एकदा शाळेत आली होती. मला मध्ये ठेवून ती बराच वेळ नुसतीच बसून राहिली. गायलीही नाहीत. सुदेशनेसुद्धा खोडी काढली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण त्यांना धरून ठेवावं असं नाही वाटलं.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या शाळेत, घरात, देवळात माझ्यासारखं कुणी कपाटावर पडलं असेल तर त्याला खाली घ्या, धूळ पुसा आणि हात लावून बघा. कणीक गव्हाचीच लावा आणि वाजवून झालं की आठवणीने काढा. आणि तुमच्या वर्गात कुणाचा आवाज फुटला तर हवं तर एकदा हसा. पण मग त्याच्याशेजारी बसा आणि त्याचा सूर नीट लागेपर्यंत उठू नका.

परवा पुन्हा वर्धापनदिन झाला. मी शाळेचा, त्यामुळे मी दहावीच्याच बाजूला. यंदा मला तुळसा नावाची एक चुणचुणीत मुलगी वाजवते, समर्थनेच सुट्टीत शिकवलेली. समोर माजी विद्यार्थ्यांमध्ये, मुंबईहून खास आलेल्या संचिताच्या आणि झांज घेतलेल्या सुदेशच्या मधोमध, बुवा म्हणून समर्थ बसला होता. बारीच्या आधी तो आमच्याकडे आला, माझ्या डाव्या पुडीवरची कणीक बोटाने दाबून बघितली आणि तुळसाला म्हणाला, "आज माका सोडू नको हां." मग तो समोर जाऊन बसला, डोळे मिटले आणि गायला लागला. खालच्या पट्टीत, भरून आलेल्या आभाळासारखा. त्याचं गाणं संपलं तेव्हा मांडव नुसता डोलत होता. तुळसाने माझ्यावर हात ठेवला. आता उत्तर द्यायची पाळी आमची होती, आणि मी त्याला हरवण्यासाठी जीव तोडून वाजलो.